एका संगणकांत दोन प्रणाली : पालकांस व विद्यार्थ्यांस चार शब्द

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीस सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचा नेहमींचा क्रम बंद केला. जे आपलें नांव नोंदवितील त्यांच्याकरितां १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय तिनें ठेविली. परंतु ती केवळ मुदतवाढ होय. पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षेची चिप आणि साधारणतः २०१७ च्या अखेरीनंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत हें दोन्ही बहुधा नसतें. बातमी दूर देशची खरी. परंतु तिचा परिणाम बीड, गेवराई, केज, माजलगांव, आष्टी येथील घराघरांतून दिसूं लागला आहे. ज्या घरीं आठ-दहा वर्षांपूर्वीं पै-पै सांठवून मुलांकरितां संगणक घेतला, त्या घरचे पालक विचारितात कीं, “हें यंत्र आतां भंगारांत घालावें काय?” दुकानांतूनही पुष्कळदां तसाच सल्ला मिळतो. कापसाच्या पट्टीवर किंवा ऊंसतोडीच्या उचलीवर ज्यांचें वर्ष चालतें, त्यांस हा सल्ला किती जड जातो हें आम्हीं निराळें सांगावयास नको.

आमचें मत असें आहे कीं, असा संगणक टाकूनही देऊं नये आणि त्यावरील जुनी प्रणाली पुसूनही टाकूं नये. त्यांत एक लहानशी दुसरी डिस्क बसवावी, तिच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालावी, आणि पहिली डिस्क होती तशीच राहूं द्यावी. संगणक सुरू करतेवेळीं आज कोणत्या प्रणालीनें काम करावयाचें हें आपण ठरवावें. यांत पैशाची बचत आहे हें उघडच आहे. परंतु त्याहून मोठा लाभ असा कीं, घरचीं कागदपत्रें सुखरूप राहून मुलास चुका करीत शिकण्याची एक निर्भय जागा मिळते. हा दुसरा लाभ पालकांच्या ध्यानांत यावा, याकरितांच हा लेख लिहिला आहे.

ज्या पालकांस संगणकाचा परिचय बेताचाच आहे, त्यांच्याकरितां प्रथम थोडें स्पष्टीकरण करितों. संगणक म्हणजे एक वाडा असें समजलें, तर ऑपरेटिंग सिस्टीम ही त्या वाड्याची कारभारीण होय. कळफलकावर काय दाबलें, पडद्यावर काय दाखवावें, कोणता कागद कोणत्या कपाटांत ठेवावा, हा सर्व कारभार ती पाहते. यंत्र एकच असलें तरी कारभारीण बदलतां येते. विंडोजची पहिली आवृत्ति १९८५ सालीं विक्रीस आली. ती एका कंपनीची मालमत्ता असून तिच्या वापराचा परवाना विकत घ्यावा लागतो. दुसऱ्या बाजूस, रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचें मुक्त प्रणालीचें काम जाहीर केलें, आणि १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहून लोकांस खुला केला. या दोन कामांच्या संयोगांतून आजच्या उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन इत्यादि प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांची प्रत करून शेजाऱ्यास देणें हा गुन्हा नसून त्यांच्या परवान्यानें दिलेला हक्क आहे. एकाच संगणकांत दोन प्रणाली ठेवून त्यांपैकीं एक निवडून सुरू करणें, यासच ‘ड्युअल बूट’ म्हणतात.

आतां कोणी म्हणेल कीं, डिस्क मोठी असतां तिचेच दोन भाग करून एकांत विंडोज व दुसऱ्यांत लिनक्स कां ठेवूं नये? तसें करितां येतें व पुष्कळ लोक तसें करितातही. परंतु आपल्याकडे ज्यानें भावाभावांच्या वांटणीचा बांध पाहिला आहे, त्यास यांतील अडचण चटकन् कळेल. एकाच शेताचे दोन तुकडे करून मधें बांध घातला, कीं दरवर्षीं नांगर एक तास इकडे किंवा तिकडे सरकतो आणि तंटा उभा राहतो. गट नंबरच निराळे असले तर असा प्रसंग येत नाहीं. डिस्कचेंही तसेंच आहे. भाग पाडतांना भरलेल्या डिस्कचा एक हिस्सा आंकसून दुसऱ्यास जागा करावी लागते. त्या घटकेस वीज गेली किंवा चुकीच्या भागावर बोट पडलें, तर वर्षांनुवर्षांचीं छायाचित्रें, शाळेचे दाखले, जातीच्या प्रमाणपत्राच्या प्रती, दुकानाचा हिशेब हें सर्व एका क्षणांत नाहींसें होऊं शकतें. शिवाय डिस्क एकच असली आणि ती बिघडली, तर दोन्ही प्रणाली एकदम बसतात. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत असें आपले वडील सांगत आले. मग दुसरें म्यान थोडक्या पैशांत मिळत असतां आग्रह कशाला?

दुसरें कारण थोडें सूक्ष्म आहे, परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें समजून घ्यावें. अलीकडील संगणक सुरू होतांच त्याच्या मुख्य पाटीवरील ‘युईएफआय’ नांवाचा मूळ कार्यक्रम डिस्कवरील एका लहानशा भागांत जाऊन पाहतो कीं, कोणती प्रणाली कोठून सुरू करावयाची. हा भाग म्हणजे प्रणालींची देवडी होय. डिस्क एकच असेल तर दोन्ही प्रणाली एकाच देवडींतून जा-ये करितात, आणि एकीच्या दुरुस्तीनें दुसरीची नोंद मागें पडण्याचा संभव राहतो. दोन डिस्क असल्या म्हणजे प्रत्येकीस स्वतःची देवडी देतां येते. लिनक्सची डिस्क काढून घेतली तरी विंडोज पूर्वींप्रमाणेंच सुरू होते, आणि विंडोजची डिस्क बिघडली तरी लिनक्सवर काम चालूं राहतें. मात्र एक सावधगिरी पाहिजे. लिनक्स बसवितांना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या, तर कांहीं बसवणीचे कार्यक्रम आपल्या सुरुवातीच्या फायली निमूटपणें पहिल्या डिस्कच्याच देवडींत ठेवून देतात. असें झालें म्हणजे डिस्क दोन असूनही देवडी एकच राहते. यावरील उपाय आम्हीं पुढें सांगितला आहे.

कांहीं उत्साही मंडळी म्हणतात कीं, विंडोज अजीबात काढून टाका आणि एकट्या लिनक्सवर राहा. हा सल्ला आम्हांस आपल्या भागापुरता व्यवहार्य वाटत नाहीं. आपल्या येथें शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, छापखान्यांचीं कामें हीं कित्येक वर्षें पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीच्या ‘श्रीलिपि’ सारख्या साधनांवर झालीं. जुन्या पद्धतीच्या त्या टंकांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेले असतात. तो टंक ज्या यंत्रांत नसेल, तेथें ती फाईल उघडली कीं मराठीऐवजीं निरर्थक इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा फायली ज्या शिक्षकाच्या किंवा मुद्रकाच्या संग्रहीं आहेत, त्यानें विंडोज एका रात्रींत कशी सोडावी? दुकानदारांचे टॅलीवरील हिशेब, एमएससीआयटीचा अभ्यास, संगणक टंकलेखनाच्या संस्थांतील सराव, हीं कामेंही आपल्याकडे बहुधा विंडोजवरच चालतात. ज्या विद्यार्थ्यास उद्यां कचेरींत नोकरी धरावयाची आहे, त्यास विंडोज येणें अगत्याचें आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, पहिली डिस्क जपून ठेवा.

परंतु तिच्यावरच अवलंबून राहणेंही आतां धोक्याचें झालें आहे. जिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहींत, त्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करणें, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणें किंवा आधार क्रमांक देणें म्हणजे कडी मोडलेल्या दारानें रात्र काढण्यासारखें आहे. येथें दोन डिस्कांची व्यवस्था फार सोयीची पडते. इंटरनेटवरील सर्व कामें लिनक्सवर करावींत, आणि जुन्या विंडोजचें इंटरनेट बंद ठेवून तिच्यावर फक्त जुन्या फायली, छपाई व हिशेब एवढीं घरगुती कामें करावींत. बाहेरच्या बैठकीस एक खोली व आंतल्या तिजोरीस दुसरी, अशी ही वांटणी आहे.

लिनक्स म्हणजे केवळ इंग्रजी जाणणारांची वस्तु, असा जो समज आहे तोही खरा नव्हे. तिच्यांत मराठी लिहितां-वाचतां येतें. एवढेंच नव्हे, तर या कामांत आपल्या लोकांचाच मोठा हात आहे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या व पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली रचून २००७ सालीं प्रसिद्ध केली. रेड हॅट कंपनीनें मुक्त केलेले ‘लोहित’ टंक पुण्याच्याच अभियंत्यांनीं दीर्घकाळ सांभाळले. इन्स्क्रिप्ट नांवाची जी सरकारमान्य कळफलक-रचना आहे, ती विंडोजवर व लिनक्सवर सारखीच असल्यामुळें एकदां बोटें बसलीं कीं दोन्हीकडे चालतात. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, म्हणजे १९९१ सालींच, देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळालें आहे. त्या पद्धतीनें टंकलेलें मराठी कोणत्याही प्रणालीवर जसेंच्या तसें दिसतें. आणि ज्यांस शिकविणारा जवळ नाहीं त्यांच्याकरितां मुंबईच्या आयआयटीनें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत लिनक्सचे व लिब्रे ऑफिसचे पाठ मराठी बोलींतही विनामूल्य ठेविले आहेत. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या मुलीस हे पाठ पुण्याच्या मुलाइतकेच जवळ आहेत.

आतां मुख्य मुद्याकडे वळतों. आमच्या पाहण्यांत असें पुष्कळदां आलें आहे कीं, घरांत संगणक असतो, त्यावर कशिदा काढलेलें कापडही घातलेलें असतें, परंतु मुलास त्यास हात लावण्याची मुभा नसते. “बिघडवशील” हा एकच शब्द त्याच्या कानीं पडतो. पालकांचेंही चुकतें असें म्हणवत नाहीं. त्याच डिस्कवर दुकानाचा हिशेब असतो व दुरुस्तीस शहर गांठावें लागतें. परंतु परिणाम असा होतो कीं, मूल संगणकावर चित्रपट पाहण्यापलीकडे जात नाहीं. पोहणें शिकावयाचें तर पाण्यांत उतरलें पाहिजे, आणि उतरणाऱ्याच्या पाठीस भोपळा किंवा सुकड बांधलेली पाहिजे. दुसरी डिस्क ही ती सुकड होय. तिच्यावर मुलानें आज्ञा चुकीची दिली, प्रणाली बिघडविली, सर्व पुसून पुन्हां घातली, तरी घरचें कांहीं जात नाहीं. आम्हांस तर वाटतें कीं, वर्षांतून दोन वेळां तरी त्यानें ती स्वतःच्या हातानें पुसून पुन्हां बसवावी. जो एकदां बिघडलेलें नीट करितो, त्याच्या मनांतील यंत्राचें भय कायमचें जातें. ही मुभा मुलाप्रमाणेंच मुलीसही द्यावी अशी पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे. कारण अनेक घरांत भाऊ कळफलकापुढें बसतो आणि बहीण मागें उभी राहून पाहते.

याला जोडूनच एक नीतीची गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आपल्याकडे शे-दोनशें रुपयांत “विंडोज मारून देणें” हा एक राजरोस धंदा होऊन बसला आहे. मारून दिलेली ही विंडोज पुष्कळदां परवान्यावांचूनची, म्हणजे सरळ बोलावयाचें तर चोरीची असते. कुलूप तोडण्याकरितां जे कार्यक्रम तिच्यांत घालतात, त्यांबरोबर घातक कार्यक्रमही शिरण्याचा संभव असतो, हा व्यवहारांतील तोटा झाला. परंतु मुलांच्या मनावर जो ठसा उमटतो त्याचें काय? परीक्षेच्या वेळीं आम्ही कॉपीमुक्तीच्या प्रतिज्ञा घेववितों. आणि त्या प्रतिज्ञेचा कागद जर नकली विंडोजवर टंकलेला असेल, तर मुलें आमच्या शब्दांस किती मान देतील? गरिबी हें चोरीचें समर्थन होऊं शकत नाहीं. आणि जेथें मोफत व सन्मानाची वाट उघडी आहे, तेथें तर मुळींच नाहीं.

आतां कृतीविषयीं थोडें सांगतों. टेबलावरील संगणकांत दुसऱ्या डिस्कला बहुधा जागा, तार व खांच तयारच असते. २४० किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी या कामास पुरेशी होते, आणि नव्या संगणकाच्या मानानें तिची किंमत अल्पच असते. जुन्या लॅपटॉपांत जेथें डीव्हीडी बसते, त्या जागीं चौकट घालून डिस्क बसवितां येते. तेंही शक्य नसेल तर यूएसबीनें बाहेरून जोडावयाची एसएसडी चालते. प्रथम सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत निराळ्या ठिकाणीं काढावी. विंडोजमध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची सोय असते ती बंद करावी. कारण ती चालू असतां विंडोज पूर्णपणें मिटत नाहीं, अर्धवट झोपते, आणि तिच्या फायलींस बाहेरून हात लावणें इष्ट नसतें. डिस्कला ‘बिटलॉकर’चें कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. नंतर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाईल अधिकृत ठिकाणाहून उतरवून, ती बरोबर उतरली आहे कीं नाहीं हें पडताळून, पेनड्राइव्हवर चढवावी. मिंटची फाईल सुमारें तीन जीबीची असते. त्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स कांहीं न बसवितां चालवून पाहतां येते; आवाज, वायफाय, मराठी टंकलेखन व छपाई हीं नीट चालतात काय, हें त्या वेळींच पाहून घ्यावें.

मग मुख्य पायरी. संगणक बंद करून विजेची पिन काढावी, आणि विंडोजच्या डिस्कची तार सोडवून ठेवावी. आंत नवी डिस्क एकटीच राहिली म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा, किंवा मघां सांगितल्याप्रमाणें देवडी दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच राहत नाहीं. हाच तो उपाय होय. वेळ पांच मिनिटांचा, परंतु त्यानें वाचणारा मनस्ताप मोठा आहे. यूएसबीची बाहेरची डिस्क वापरणारांनींही, आंतली डिस्क सोडवितां येत असेल तर, असेंच करावें. परळीस औष्णिक वीज केंद्र असूनही आपल्या जिल्ह्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. तेव्हां भारनियमनाची वेळ टाळून, शक्य तर यूपीएस लावून, लिनक्स बसवावी. काम संपलें म्हणजे विंडोजची तार पुन्हां जोडावी. यापुढें यंत्र सुरू करतांच निवडीची कळ दाबावी. ती कंपनीप्रमाणें एफ ८, एफ ९, एफ ११ किंवा एफ १२ असते. मग डिस्कांची यादी दिसते व हवी ती निवडतां येते.

येथें एक मौजेची गोष्ट घडते ती आधींच सांगून ठेवितों, म्हणजे कोणी घाबरणार नाहीं. लिनक्सवरून विंडोजमध्यें आलें कीं कधीं कधीं घड्याळ साडेपांच तास मागें पडलेलें दिसतें. यंत्र बिघडलेलें नसतें. संगणकाच्या पाटीवर एक लहानसें घड्याळ असतें. विंडोज त्यांत स्थानिक वेळ आहे असें समजते, आणि लिनक्स त्यांत जागतिक वेळ ठेविते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली असल्यामुळें या दोहोंत नेमका साडेपांच तासांचा फरक पडतो. लिनक्सला एक आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळावयास सांगितलें, कीं हा घोटाळा मिटतो. भूगोलाच्या पुस्तकांतील रेखांश घरच्या पडद्यावर असा प्रत्यक्ष भेटतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. डिस्क दोन असल्या तरी मुख्य पाटी एकच असते. १३ ऑगस्ट २०२४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजची जी सुरक्षा-दुरुस्ती दिली, तिनें सुरुवातीच्या कार्यक्रमांवरील एक निर्बंध पाटीच्याच स्मृतींत लिहिला. त्यामुळें जगभर दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. तो निर्बंध अशा यंत्रांस लागू व्हावयाचा नव्हता, परंतु झाला. आणि तेथें निराळी डिस्कही कामास आली नाहीं. सुरक्षित सुरुवातीची अट कांहीं काळ शिथिल करून व लिनक्स अद्ययावत् करून मार्ग काढावा लागला. दुसरें असें कीं, लिनक्समधून विंडोजची डिस्क दिसते व तिच्यांतील फायली उघडतां, बदलतां, पुसतांही येतात; म्हणून अगदीं नवशिक्या मुलाच्या हातीं यंत्र देतांना पहिल्या डिस्कची तार सोडविलेलीच बरी. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें हें कीं, दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. दोन्ही एकाच पेटींत आहेत. चोरी, आग किंवा विजेचा तडाखा दोहोंस एकदमच गांठील. महत्त्वाच्या कागदांची प्रत घराबाहेर किंवा निराळ्या डिस्कवर असलीच पाहिजे.

एक आक्षेप शिल्लक राहतो तो असा कीं, “जें कोणी वापरीत नाहीं तें शिकून लाभ काय?” हा आक्षेप वस्तुस्थितीस सोडून आहे. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तींतील सर्व यंत्रें नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आलीं आहेत. केरळानें २००१ सालीं सुरू केलेल्या शालेय संगणक-योजनेंत पुढें मुक्त प्रणालीचा मार्ग धरिला, आणि तेथील सरकारी शाळांतून मुलें तिच्यावरच शिकतात. तामिळनाडूनें २०११ पासून विद्यार्थ्यांस जे लॅपटॉप मोफत वांटले, त्यांपैकीं प्रारंभीच्या लॅपटॉपांत विंडोज व सी-डॅकची बॉस या दोन्ही प्रणाली दिलेल्या होत्या. जें त्या राज्यांनीं सरकारी खर्चानें केलें, तें आपण निदान एका डिस्कच्या खर्चांत आपल्या घरापुरतें करूं शकूं. प्रत्येक शाळेनेंही आपल्या संगणक-कक्षांतील एक तरी जुनें यंत्र या कामास मोकळें करावें.

शेवटीं आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाचें स्मरण देतों. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हें निजामाच्या राज्यांत होतें. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि जमाखर्च मोडींत, अशा स्थितींत आपल्या आज्या-पणज्यांनीं व्यवहार केला. कचेरींत उर्दू चालते म्हणून त्यांनीं घरची मराठी टाकली नाहीं, आणि घरीं मराठी आहे म्हणून उर्दूकडे पाठ फिरविली नाहीं. दोन्ही ठेवून, कोठें कोणती वापरावयाची याचा विवेक त्यांनीं केला. आज मुलांस विंडोज व लिनक्स यांविषयीं तोच विवेक शिकवावयाचा आहे. तेव्हां येत्या सुटींत, जुना संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढविण्यापूर्वीं, पालकांनीं मुलास किंवा मुलीस जवळ बसवून दुसऱ्या डिस्कचा विचार अवश्य करावा. आणि विद्यार्थ्यांनीं प्रत्येक पायरीची तारखेनिशीं टिपणवही ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीं धाकट्या भावंडास व शेजारच्या घरास ती उपयोगीं पडेल.